टाळूची किल्ली

माझ्या टाळूविषयी आमच्या कुटुंबात आजवर ज्या कथा सांगितल्या गेल्या, त्या सर्व मी ऐकल्या आहेत आणि त्यांतील एकही खरी नाही. माझा धाकटा भाऊ दिनकर आता अकोल्यास असतो आणि लग्नाच्या पंगतीत बोलण्यासाठी त्याला माइकची गरज भासत नाही. त्याचे म्हणणे असे की, मी लाडवांच्या लोभाने साऱ्या घराला फसवले. आमची एक चुलत बहीण सांगते की मी किल्ली गिळली होती. किल्ली करगोट्याच्या दोऱ्याला बांधलेली होती, मग दोऱ्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात राहिले, हा साधा प्रश्न तिला आजतागायत कोणी विचारलेला नाही. शाळेतील एका सोबत्याच्या मते तर माझे तोंड गुरुजींच्या थपडेने सरळ झाले. ज्याची टाळू होती तो मनुष्य अद्याप हयात आहे, त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे आणि त्याला लिहिता येते, ही गोष्ट या मंडळींनी ध्यानात घ्यावयास हवी होती.

त्या काळी आम्ही अमरावतीस राहत होतो. शेती चांदूर रेल्वेकडे होती. केवळ आम्हा दोघा भावांच्या शिक्षणासाठी बाबांनी शहरात तीन खोल्यांचे घर भाड्याने घेतले होते आणि ते स्वतः सकाळच्या गाडीने शेतावर जाऊन संध्याकाळी परत येत. घरात आई होती आणि बाबांची थोरली बहीण, आमची जनाआत्या होती. आत्या हिवरखेडला दिलेली. वैधव्यानंतर ती आमच्याकडे आली आणि आल्या दिवसापासून घरातील दोन गोष्टी तिने आपल्या ताब्यात घेतल्या : तेलाची बरणी आणि मुलांची डोकी. तान्ह्या मुलाच्या माथ्यावर जी मऊ, लवलवणारी जागा असते तिला टाळू म्हणतात, हे मराठी वाचकाला सांगणे नको. त्या टाळूवर कोमट तिळाचे तेल जिरवून ती 'भरण्यात' आत्याचा हात धरणारे आमच्या नात्यात कोणी नव्हते. बाळंतिणीच्या घरून तिला बोलावणी येत. आत्याने बोटांनी माथा चाचपून "टाळू भरली" असे म्हटले की मूल जगणार, असे सगळे मानत आणि मगच त्याला अंगणाबाहेर नेत. तिचे स्वतःचे एकुलते एक मूल टाळू भरण्याआधीच गेले होते. ती याविषयी कधी बोलत नसे, म्हणून मीही अधिक लिहीत नाही.

आमच्या घरात सकाळ उजाडे ती भाकरीच्या थापट्यांनी आणि संपे ती आत्याच्या पुढ्यात. शाळेच्या आधी दोघांनाही तिच्या मांडीवर डोके ठेवून पडावे लागे. तेल कोमट असे, बोटे खरखरीत असत आणि वर तुळईला टांगलेल्या शिंक्याकडे पाहत पडून राहण्यात जे सुख होते ते मला नंतर कोणत्याही वातानुकूलित खोलीत मिळाले नाही. तेल झाले की जाड्याभरड्या तिळाचा, गुळाचा एक लहान लाडू हातावर पडे. दोघांच्याही. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुराव्याचे काम करणार आहे.

आता माझ्या तोंडाविषयी. माझा वरचा जबडा अरुंद होता. वरचे दात खालच्या दातांच्या आत पडत. तोंड मिटताना दातावर दात नीट बसेना, म्हणून खालचा जबडा जागा शोधत डावीकडे सरके आणि 'टक्' असा बारीक आवाज करून बसे. हनुवटी त्याबरोबर डाव्या खांद्याची चौकशी करायला गेल्यासारखी वळे. यात माझा काही अपराध नव्हता. परंतु हे प्रत्येक वाक्याच्या शेवटी घडत असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे की मी बोलून झाल्यावर त्याला वेडावून दाखवतो. "होय गुरुजी," असे मी अत्यंत आदराने म्हणे आणि लगेच, टक्, तोंड वाकडे. मराठीच्या गुरुजींनी या एका 'होय'साठी मला कितीदा बाकावर उभे केले असेल! घरी आलेल्या पाहुण्यांना नमस्कार केला तरी ते आईला म्हणत, "पोट्टं लयच आखडू हाये तुमचं." नाक चोंदलेले असे, म्हणून तोंड सदैव उघडे. झोपेत मी घोरत असे, हे दिनकर सांगतो. मी झोपलेला असल्यामुळे त्याचा प्रतिवाद करू शकत नाही.

हे सारे मी सोसले असते. परंतु मला वक्ता व्हायचे होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एका विद्यार्थ्याला मंचावरून भाषण करायला मिळे. निवड मराठीचे गुरुजी करीत. त्या वर्षी मी निवडीसाठी जे भाषण पाठ केले, तसे त्या शाळेत त्यापूर्वी कोणी केले नव्हते आणि नंतर केल्याचे मी ऐकलेले नाही. गुरुजींनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ते म्हणाले, "भाषण चांगलं आहे. पण मंचावर पाहुणे बसतात. त्यांना तू असा वेडावून दाखवणार का? आधी तोंड सरळ कर, मग ये. दिवाळीनंतर पुन्हा ऐकतो." वर्ग हसला. मी काहीतरी उत्तर दिले आणि उत्तर संपताच तोंड अर्थातच वाकडे झाले. वर्ग पुन्हा हसला.

त्याच सुमारास बाबा बियाण्यासाठी अकोल्यास गेले असता त्यांना एका जिन्याखाली पाटी दिसली : 'येथे वेडेवाकडे दात सरळ करून मिळतील.' बाबा मितभाषी होते, पण 'वेडेवाकडे' हा शब्द वाचताच त्यांना आपला थोरला मुलगा आठवला, असे ते पुढे अनेकांना सांगत. पुढच्याच आठवड्यात आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसलो. जिना चढून गेल्यावर भेटले ते डॉक्टर तरुण होते, परदेशात शिकून आलेले होते आणि पुस्तकी मराठी बोलत. त्यांनी माझ्या तोंडात ओल्या पिठासारखे काहीतरी कोंबून साचा घेतला. मी ओकलो नाही. दिनकर त्या दिवशी बरोबर नव्हता, म्हणून त्याने या मुद्द्यावर साक्ष देऊ नये.

डॉक्टरांनी दोन्ही हातांचे तळवे जोडून बाबांना समजावले. तोंडातली टाळू, म्हणजे वरच्या जबड्याचे छत, हे एक हाड नसते. उजवे आणि डावे अशी दोन हाडे मध्यरेषेवर जुळलेली असतात आणि लहान वयात तो सांधा घट्ट झालेला नसतो. दोन्ही बाजूंच्या दाढांना कड्या बसवून मधे एक स्क्रू ठेवायचा, रोज किल्लीने तो थोडासा फिरवायचा, म्हणजे दोन्ही हाडे हलके हलके एकमेकांपासून दूर होतात आणि मधल्या जागेत नवे हाड भरते. "मोठेपणी मात्र सांधा पक्का होतो," ते म्हणाले, "मग शस्त्रक्रियेशिवाय काही होत नाही. आता कराल तर होईल." बाबांनी क्षणभर विचार करून विचारले, "म्हंजे काया जमिनीले भेग पडते अन् मंग पान्यानं भरते, तसं?" डॉक्टरांनी काळ्या जमिनीची भेग कधी पाहिली नसावी, पण त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या खेपेला ते यंत्र माझ्या टाळूला कायमचे चिकटवले गेले आणि बाबांच्या हाती तारेची एक इवलीशी किल्ली आली. स्क्रूच्या मधोमध एक बारीक भोक होते. त्यात किल्ली घालून ती घशाच्या दिशेने ढकलायची, की पुढचे भोक समोर येते. किल्ली घशात जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधा, असे डॉक्टरांनी बजावले. आईने करगोट्याचा काळा दोरा बांधला आणि किल्ली आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवली.

आता त्या वाक्याकडे येतो, ज्याच्यामुळे पुढचे सारे घडले. घरी येताच आत्याने विचारले, "काय म्हने रे डॉक्टर?" बाबा दमले होते. पायांवर पाणी घेताघेता त्यांनी सगळे एका दमात सांगून टाकले. "पोराची टाळू उकलाची हाये म्हने. हाड मधातून दोन फाकी होते. मंग भरते." आणि ते जेवायला बसले. आत्या जागची हलली नाही. तिच्या हातातली तेलाची वाटी कलंडली नाही की काही नाही, दिनकर तसे सांगतो म्हणून मुद्दाम लिहितो. ती फक्त माझ्याजवळ आली, तिने माझ्या माथ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बाबांनी 'टाळू' म्हटले ते तोंडातल्या छताला. आत्याच्या लेखी जगात टाळू एकच होती आणि ती तिने स्वतःच्या हातांनी भरली होती.

"शिकेल हाये का तो डॉक्टर?" तिने विचारले.

"परदेशातून शिकून आला, अक्का."

"तिथी पोराइले टाळू नसते का?"

बाबांना हा थट्टेचा प्रश्न वाटला. ते हसले.

संध्याकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला की किल्लीची वेळ. बाबा मला उजेडाकडे तोंड करून बसवत, दिनकर बॅटरी धरी आणि ती माझ्या तोंडाऐवजी भिंतीवरच्या पालीवर रोखे. किल्ली फिरली की नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधोमध, कोणीतरी अंगठा दाबल्यासारखे होई. दुखत नसे. मी रडलो, हा दिनकरचा दावा निराधार आहे. डोळ्यांना पाणी येणे ही शारीरिक क्रिया आहे. खरे हाल जेवणाचे झाले. डॉक्टरांनी ऊस, भुट्टे, शेंगा, चिक्की, सारे वर्ज्य केले होते आणि जवसाची चटणी आमच्या पानात रोजची. तिचा एकेक दाणा स्क्रूत जाऊन असा बसे की तो काढण्यासाठी आईला पिचकारीने पाणी मारावे लागे. मी कढी-गोळ्यांवर आणि पातळ वरणावर आलो. आत्याचा लाडू मात्र चालू राहिला. ती माझ्यापुरता तो खलबत्त्यात कुटून मऊ करी. जिभेला टेकायला वर जागा उरली नव्हती, त्यामुळे 'स'चा 'थ' झाला. शाळेत हजेरीला "उपस्थित" म्हणायची पद्धत होती. तिथे मी जे म्हणत असे ते लिहिण्याचे कारण नाही.

आठ-दहा दिवसांत माझ्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. आदल्या दिवशी दिसत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातून ज्वारीचा दाणा आरपार गेला असता. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते. हाडे उकलत असल्याची ती खूण, पुढे फट आपोआप मिटते. बाबा खूश झाले. "फाकून राहिलं," ते म्हणाले. आत्याने माझा ओठ वर करून फट पाहिली, मग माथा चाचपला, मग पुन्हा फट पाहिली. माझ्या दातांपासून माझ्या माथ्यापर्यंत एकच चीर वर चालली आहे, असा तिचा ठाम समज झाला असणार. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गाडीला गेले, आई पाण्याला गेली, दिनकर तेल-लाडू आटोपून अंगणात गेला. माझे डोके आत्याच्या मांडीवर होते. तिने माथ्यावर तेल जिरवले आणि मग म्हणाली, "आ कर." मी आ केला. तिने बॅटरी मागितली नाही की उजेड पाहिला नाही. बोटाने भोक शोधले, किल्ली घातली आणि फिरवली. बाबा घशाकडे ढकलत. तिने घशाकडून दाताकडे ओढली. नाकाच्या मुळाशी दाबणारा अंगठा कोणीतरी उचलला.

या ठिकाणी माझ्यावर आरोप ठेवला जातो की, मला सारे कळत असून मी गप्प राहिलो. याचे उत्तर मी एकदाच आणि शेवटचे देतो. किल्ली ही वस्तू उघडण्यासाठी असते तशीच बंद करण्यासाठीही असते. जगातील प्रत्येक किल्ली दोन्ही कामे करते. दुकानाला सकाळी कुलूप काढतात आणि संध्याकाळी लावतात. मला यंत्राची जी कल्पना होती तीत संध्याकाळी बाबांनी उघडावे आणि सकाळी आत्याने बंद करावे, याहून स्वाभाविक काही नव्हते. लाडवाचे म्हणाल, तर तो मला त्याआधी कित्येक वर्षे मिळत होता आणि दिनकरलाही मिळत होता. लाडू ही लाच ठरत असेल, तर ती दिनकरनेही खाल्लेली आहे.

असे आमचे घर माझ्या तोंडात रोज दोन दिशांना चालत राहिले. संध्याकाळी बाबा एक फेर पुढे, सकाळी आत्या एक फेर मागे. भोक मात्र दरवेळी जागच्या जागी, त्यामुळे कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते. दात आपल्या स्वभावाने एकमेकांकडे सरकू लागले आणि फट मिटत चालली. आत्या समाधानाने म्हणाली, "तेल लागून राहिलं." फट मिटते असे डॉक्टरांनीच सांगितले होते, म्हणून बाबाही समाधानी होते. इतके एकमत आमच्या घरात त्यापूर्वी कधी झाले नव्हते.

तपासणीची तारीख आली. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"किल्ली फिरवताय ना रोज?"

"रोज," बाबा म्हणाले.

"चुकली नाही ना एखाद्या दिवशी?"

"भोंगा झाला का किल्ली. जेवन चुकीन, किल्ली नायी."

"मग स्क्रू इतकाच कसा उघडलाय? हे माप खोटं बोलत नाही."

बाबा खुर्चीवरून उठले. "म्हंजे मी बोलून राहिलो?"

चांदुरात बाबांच्या तोंडच्या शब्दावर बैलजोडीचे सौदे होत. त्यांना परक्या जिन्यावर कोणी असे म्हटल्याचे मी पहिल्यांदा पाहिले. डॉक्टरही तरुण आणि तापट. ते म्हणाले, "घरून सहकार्य नसेल तर मी हे आजच काढतो. मुलाच्या तोंडात लोखंड ठेवून उपयोग काय?" बाबा म्हणाले, "काढा. आत्ताच काढा." यंत्र निघाले म्हणजे तोंड वाकडे राहिले आणि तोंड वाकडे राहिले म्हणजे मंच गेला. या वयानंतर हाड ऐकत नाही, हे त्याच खोलीत मी माझ्या कानांनी ऐकले होते. डॉक्टरांनी चिमटा उचलला, मग काय वाटले कोण जाणे, खाली ठेवून म्हणाले, "एकदा माझ्यासमोर फिरवून दाखवा."

बाबांनी खिशातून करगोट्याची किल्ली काढली. "आ कर," ते गुरगुरले.

मी विचारले, "थकाळची का थंध्याकाळची?"

"कोन थकलं?" बाबा म्हणाले.

"थकाळची! थकाळची का थंध्याकाळची?"

"अरे कोन थकलं, लेका? बराबर बोल."

डॉक्टरांना इतक्या दिवसांत ही भाषा अवगत झाली असावी. ते पुढे वाकले. "सकाळची? सकाळी कोण फिरवतं?"

"आत्या," मी म्हणालो. "पन ते उलटी फिरवते."

कोडे उलगडले ते असे, माझ्या प्रश्नाने. दिनकर सांगतो की त्याने आत्याला खिडकीतून पाहिले आणि बाबांना कळवले. तसे असेल, तर त्याने अकोल्याच्या त्या खेपेपूर्वी का कळवले नाही? याचे उत्तर तो पंगतीत देत नाही, ताटात अजून जिलेबी वाढून घेतो.

घरात पाऊल टाकताच बाबा म्हणाले, "अक्का, किल्ली तू फिरवतं?"

"फिरवली," आत्या म्हणाली.

"काहून?"

"काहून म्हंजे? पोराचं डोस्कं उकलून राहिलं, तू त्याले बॅटरी लावून पाह्यतं अन् मले इचारतं काहून?"

"डोस्कं नाही, अक्का. टाळू!"

"मंग टाळू कुटी असते? पायात?"

बाबांनी माझे तोंड उघडून आत बोट दाखवले. आत्याने माझ्या माथ्यावर बोट टेकवले. दोघेही एकदम म्हणाले, "हे टाळू!" मी मधे, वरून-खालून धरलेला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "बाई, तोंडातलीलेबी टाळूच म्हन्तेत."

"मले मालूम हाये," आत्या कडाडली, "गरम भाकर खाल्ली का पोळते ते. पन तिथी उकलाले काय हाये? मले घेऊन चाल त्या डॉक्टरपाशी."

आत्या अकोल्याचा तो जिना चढली ती भांडायच्या तयारीने. डॉक्टरांच्या कपाटात कवटी होती. ती टेबलावर येताच बाबा दोन पावले मागे सरले, मीही सरलो. आत्या सरली नाही. तिने पदर खोचला, कवटी दोन्ही हातांत घेतली आणि माथ्यावरून अंगठा फिरवला, अगदी तेल जिरवताना फिरवी तसा. माथ्यावरच्या नागमोडी रेषा तिने बोटाने वाचल्या. "हे भरेल टाळू हाये," ती म्हणाली. डॉक्टरांनी कवटी तिच्या हातात उलटी केली. दातांच्या कमानीत, टाळूच्या मधोमध, तशीच एक बारीक रेषा होती. आत्याने तिच्यावरूनही अंगठा फिरवला.

"इथीबी शिवन हाये," ती हळूच म्हणाली.

"आहे, आत्याबाई. तीच उकलायची. वरची नव्हे."

"अन् हे भरते?"

"भरते. तीन-चार महिने लागतात."

"नक्की भरते?"

आतापर्यंत डॉक्टर प्रत्येक प्रश्नाला हसत होते. या प्रश्नाला ते हसले नाहीत. "मुलांची भरते," ते म्हणाले. "मी पाहिलेली आहे."

आत्याने कवटी टेबलावर ठेवली, ठेवताना ती डुगडुगू नये म्हणून खाली टेबलावरचे फडके दुमडून घातले आणि हात पुढे केला. "मंग किल्ली माह्यापाशी राहीन," ती बाबांकडे बोट दाखवून म्हणाली. "माधव खुपसते. पोराच्या जिभेले खरचटेल हाये." बाबांनी मुकाट्याने किल्ली दिली. हा आरोप खरा होता.

त्यानंतर भोंग्याबरोबर आत्या एकच फेर फिरवू लागली, घशाच्या दिशेने, बॅटरीवाचून. फट परतली आणि आधीपेक्षा रुंद झाली. वरचे दात खालच्यांच्या बाहेर आले आणि एका दुपारी जेवताना मी तोंड मिटले तेव्हा 'टक्' झाले नाही. मी पुन्हा मिटून पाहिले. हनुवटी जागच्या जागी. आरशाकडे पळालो तर माझ्याआधी दिनकर आरशात. नाकही मोकळे झाले, कारण डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे टाळू म्हणजे नाकाची जमीन आणि जमीन रुंदावली की घर रुंदावते. घोरणे थांबले. त्याचा परिणाम असा की, रविवारी दुपारी मी झोपलो की आत्या येऊन मला हलवून जागे करी. "आवाज नायी येऊन राहिला म्हून पाह्यलं," ती म्हणे.

पुढे जबडा पुरेसा रुंदावल्यावर स्क्रू बांधून टाकला आणि नुसती वाट पाहणे उरले. त्या महिन्यांत आत्याने माझ्या माथ्यावर जितके तेल ओतले तितके आमच्या देवासमोरच्या दिव्यातही गेले नसेल. बाबा म्हणाले, "अक्का, भराची ते खालची हाये." ती म्हणाली, "खाली जाते तेल." फट आपोआप मिटली. दिवाळीनंतर मराठीच्या गुरुजींनी माझे भाषण पुन्हा ऐकले, 'थ' सकट, आणि माझ्या हनुवटीकडे टक लावून पाहत माझे नाव लिहून घेतले.

संमेलनाच्या चार दिवस आधी अकोल्यास यंत्र निघाले. डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र खिडकीच्या उजेडात धरले. पूर्वीच्या चित्रात मधोमध काळी भेग होती, या चित्रात ती नव्हती. "हाड भरलं," ते म्हणाले.

"टाळू भरली म्हना," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. "टाळू भरली," ते म्हणाले. आत्याने तोंड खिडकीकडे वळवले आणि गाडीची वेळ होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

संमेलनात मी बोललो. 'स' स्पष्ट आला, 'श' स्पष्ट आला, वाक्यामागून वाक्य सरळ गेले. त्या वर्षीच्या पाहुण्यांनी अध्यक्षीय भाषणात एक विधान केले जे मला मान्य नव्हते, आणि आभारप्रदर्शन सुरू होण्याआधी मी ते जागेवरून उठून सांगितले. गुरुजींनी मला पडद्यामागे ओढले. "तोंड सरळ झालं रे तुझं," ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आता हे बोलणं कुठल्या डॉक्टरकडे न्यावं?" थपडेची कथा बहुधा इथून निघाली असावी. थप्पड मारली गेली नाही. कान धरला गेला.

हे सर्व आता लिहिण्याचे कारण माझी नात मुक्ता. तिचाही जबडा अरुंद निघाला, हे अर्थातच माझ्या बाजूने आले असे सुनेचे म्हणणे आहे. अमरावतीतल्या एका दवाखान्यात तिला असेच यंत्र बसवले आहे. किल्लीला आता प्लास्टिकची मूठ असते आणि भोंग्याऐवजी मोबाइल वाजतो. गेल्या रविवारी तिच्या दातांत फट पडली. ती आरशासमोर गप्प बसून होती. दिनकर सकाळीच अकोल्याहून आलेला होता आणि दारातच उभा होता, हे दुर्दैव. मी बरणी घेतली, तेल जरा कोमट केले आणि तिच्यामागे जाऊन बसलो.

"आजोबा," ती म्हणाली, "ते खाली आहे. वर नाही."

"मले मालूम हाये," मी म्हणालो. "डोस्कं पुढं कर."

मुलीचे केस कोरडे पडले होते, म्हणून तेल लावले. दुसरे काहीही कारण नव्हते. दिनकर या बाबतीत जे सांगत फिरतो आहे, ते असत्य आहे.